काळपुळीची वंशावळ

१. आला कुठून?

गोठ्यातलं धडधाकट जनावर अचानक मरतं. आदल्या संध्याकाळी त्यानं वैरण खाल्लेली असते, धार दिलेली असते. मेल्यावर पोट भराभर फुगतं, नाकातून आणि गुदद्वारातून काळसर रक्त येतं आणि ते गोठत नाही. पशुवैद्यक येतात, जनावर फाडू नका म्हणून बजावतात, कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त काचपट्टीवर घेतात आणि अँथ्रॅक्सचा संशय बोलून दाखवतात. जनावरांतल्या या रोगाला आपल्याकडे फाशी म्हणतात. तोच माणसाच्या कातडीवर उठला की काळपुळी. न दुखणारी पुळी, भोवती मोठी सूज आणि मधोमध कोळशासारखी काळी खपली.

घरधन्याचा पहिला प्रश्न बाकीच्या जनावरांचा असतो. ती वाचतील का? दुसरा प्रश्न लगेच पाठोपाठ येतो: हा रोग आमच्याकडे आला कुठून?

मिरजेसारख्या गावात या प्रश्नाला फार फाटे फुटतात. पुणे, कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर अशा चारी दिशांच्या रेल्वे इथे मिळतात. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी इथे रुग्णालय उभं केलं, १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं, आणि जत, अथणी, चिकोडी, विजयपूरकडचे रुग्ण पिढ्यान् पिढ्या मिरजेच्या दवाखान्यांची वाट चालत आले. म्हणजे काळपुळीचा रुग्ण मिरजेच्या खाटेवर सापडला, तरी जंतू मिरजेचा असेलच असं नाही. जनावरांचंही तेच. खरसुंडीच्या यात्रेत घेतलेला खिलार बैल चार तालुके ओलांडून दावणीला येतो. जत-आटपाडीकडची मेंढरं उन्हाळ्यात नदीकाठच्या रानात खतासाठी बसतात. कातडी, हाडं, लोकर यांचा व्यापार तर राज्यांच्या सीमा मानतच नाही.

जंतू स्वतःचा पत्ता सांगू शकत नाही, पण त्याच्या आत त्याची वंशावळ लिहिलेली असते. ती वाचायच्या तंत्राला जीनोटायपिंग म्हणतात, आणि हे प्रकरण त्या वाचनाबद्दल आहे.

२. मातीतली झोप

आधी या जंतूचा एक स्वभाव समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

१८७६ मध्ये रॉबर्ट कॉख नावाच्या एका तालुक्याच्या डॉक्टरनं घरातल्या छोट्या प्रयोगशाळेत या जंतूचं सगळं जीवनचक्र डोळ्यांनी पाहिलं. विशिष्ट जंतूमुळे विशिष्ट रोग होतो, हे पुराव्यानिशी दाखवणारं ते पहिलं काम. त्यानं पाहिलं की जनावराच्या रक्तात हा जंतू काडीच्या आकाराचा असतो आणि झपाट्यानं वाढतो. परिस्थिती बिघडली की तीच काडी आपल्या पोटात एक टणक कण तयार करते. तो कण म्हणजे बीजाणू. त्याला अन्न लागत नाही, पाणी लागत नाही, तो वाढत नाही आणि विभागतही नाही. ऊन, कोरड, थंडी सगळं सोसून तो मातीत पडून राहतो.

मेलेल्या जनावराच्या एका मिलिलिटर रक्तात कोट्यवधी जंतू असतात. जनावर न फाडता पुरलं, तर हवा न मिळाल्यानं आतले बहुतेक जंतू कुजण्यातच मरतात. फाडलं, किंवा कुत्र्या-गिधाडांनी ओढलं, तर रक्ताला हवा लागते आणि बीजाणू तयार होतात. फाडू नका, या सांगण्यामागे एवढी मोठी गोष्ट आहे. कातडं सोडवायच्या लोभानं एक जागा कित्येक वर्षांसाठी नासते.

कित्येक म्हणजे किती? दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी स्कॉटलंडजवळच्या ग्रुइनार्ड नावाच्या बेटावर १९४२ मध्ये अँथ्रॅक्सच्या बाँबची चाचणी घेतली. मेंढ्या मेल्या, बेट बंद झालं. १९८६ मध्ये फॉर्मल्डिहाइड आणि समुद्राचं पाणी मिसळून जमीन भिजवावी लागली, आणि बेट सुरक्षित असल्याचं जाहीर व्हायला १९९० उजाडलं.

बीजाणूंना अल्कधर्मी, चुन्याचा अंश असलेली, सेंद्रिय द्रव्यानं भरलेली माती मानवते. कृष्णाकाठची काळी जमीन या वर्णनाशी बरीच जुळते. म्हणून इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. मेलेलं जनावर पुरताना वर चुना टाकायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. फाशीच्या बाबतीत मात्र जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शिका चुना टाळायला सांगते, कारण कॅल्शियममुळे बीजाणू अधिक टिकतात.

३. हेळव्याची वही

दक्षिण महाराष्ट्रात आणि सीमाभागात हेळवी येतात. बैलावरून किंवा गाडीतून गावात यायचं, घरासमोर वही उघडायची आणि त्या कुळाचे पूर्वज मूळ पुरुषापासून वाचून दाखवायचे, हे त्यांचं काम. समजा, अशी एक वही जीर्ण झाली आणि दोन मुलांनी तिच्या नकला केल्या. एकाच्या हातून ‘बाळाजी’चा ‘बाळोजी’ झाला. पुढे त्याच्या नकलेवरून ज्यांनी ज्यांनी वह्या उतरवल्या, त्या सगळ्यांत ‘बाळोजी’च आला. शंभर वर्षांनी दहा वह्या समोर ठेवल्या, तर त्यातली कुठली वही कुठल्या शाखेची, हे चुकांवरून सांगता येईल. जी चूक दोन वह्यांत समान, त्या दोन्हींचं मूळ एक.

जंतूची वही म्हणजे त्याचा डीएनए. अँथ्रॅक्सच्या जंतूच्या वहीत सुमारे ५२ लाख अक्षरं आहेत आणि ती सगळी ए, टी, जी, सी या चारच अक्षरांत लिहिलेली आहेत. शिवाय दोन छोट्या पुरवण्या आहेत. पीएक्सओ-१ नावाच्या पुरवणीत विष बनवायची कृती आहे, पीएक्सओ-२ मध्ये जंतूभोवतीचं संरक्षक आवरण बनवायची. दोन्ही असल्या तरच जंतू पुरता घातक. एका जंतूचे दोन होतात तेव्हा सगळी वही नव्यानं उतरवली जाते, आणि क्वचित एखादं अक्षर चुकतं.

आता झोपेची गोष्ट आठवा. बीजाणू विभागत नाही, म्हणजे त्या काळात वहीची नक्कल होत नाही. नक्कल नाही, म्हणून चूक नाही. जनावराच्या अंगात दोन-चार दिवसांत काही डझन पिढ्या होतात, आणि मग वही पुन्हा वर्षानुवर्षं, कधी दशकानुदशकं ट्रंकेत बंद.

कोविडच्या काळात डेल्टा, ओमिक्रॉन ही नावं घरोघरी पोहोचली. त्या विषाणूच्या तीस हजार अक्षरांत महिन्याला साधारण दोन बदल पडत होते, म्हणून वर्षभरात रूपंच्या रूपं बदलली. अँथ्रॅक्सचं उलट आहे. जगाच्या कुठल्याही दोन टोकांचे नमुने घ्या, ५२ लाखांतली बहुतेक सगळी अक्षरं सारखी निघतात. जंतूंच्या दुनियेत इतकं एकसारखं कूळ विरळाच.

त्याच्या भाऊबंदांशीही त्याचं रूप फार जुळतं. बीटी कापसातलं ‘बीटी’ ज्या जंतूच्या नावावरून आलं, तो बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा अँथ्रॅक्सच्या जंतूचा जवळचा भाऊबंद. शिळ्या भातातून पोट बिघडवणारा बॅसिलस सेरियस हा दुसरा. म्हणून मातीत सापडलेला काडीसारखा जंतू म्हणजे अँथ्रॅक्सच, असं घाईनं म्हणता येत नाही. आधी तो खरोखर त्या कुळातला आहे का हे ठरवायचं, आणि मगच शाखा शोधायची.

४. कुठलं पान उघडायचं?

इतकी सारखी वही असेल तर फरक सापडणार कुठे? १९९० च्या दशकापर्यंत शास्त्रज्ञ इथेच अडले होते. मग लक्षात आलं की नक्कल करणारा काही ठिकाणी हमखास घसरतो. एकच शब्द सलग चार-पाच वेळा आला की मोजणी चुकते, चारचे पाच होतात किंवा तीन.

अँथ्रॅक्सच्या वहीत असं एक पान आहे, त्याचं नाव व्हीआरआरए. तिथे सी-ए-ए-टी-ए-टी-सी-ए-ए-सी-ए-ए हा बारा अक्षरांचा शब्द सलग येतो, कुणात दोनदा, कुणात चारदा, कुणात सहा वेळा. तेवढ्याच तुकड्याच्या पीसीआर तंत्रानं भरपूर नकला काढायच्या आणि त्याची लांबी मोजायची. बारा अक्षरांनी लांब भरला तर एक आवर्तन जास्त. सबंध वही वाचायची गरजच नाही.

एका पानानं भागत नाही, म्हणून अमेरिकेतल्या पॉल कीम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये अशी आठ पानं निवडली. जगभरातून जमवलेल्या ४२६ नमुन्यांचे त्यांना ८९ प्रकार करता आले. पुढे पानं वाढून पंधरा, पंचवीस, एकतीस झाली.

हे चालतं कसं ते एका कल्पित उदाहरणानं पाहू. मिरज तालुक्यात गाय मेली. त्याच महिन्यात जत आणि खानापूर तालुक्यांतही एकेक जनावर दगावलं. चार पानांवरची आवर्तनं मोजली. मिरज: ४, १०, १६, २. जत: ४, १०, १६, २. खानापूर: २, ७, १६, ३. खानापूरचा जंतू तीन पानांवर वेगळा आहे, तेव्हा तो वेगळ्या शाखेचा, त्याचा माग वेगळा काढायला हवा. मिरज आणि जत सारखे आहेत. मग जतेतून मिरजेत रोग आला असं म्हणायचं का?

इथे थांबायला हवं. या तंत्राबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज नेमका इथे होतो. सारखेपणाची किंमत आजूबाजूला काय आहे त्यावर ठरते. सांगली जिल्ह्यातल्या सगळ्या मातीत एकच प्रकार पसरलेला असेल, तर मिरज आणि जत सारखे निघणारच. त्यातून कुणाकडून कुणाकडे हे कळत नाही. उलट तो प्रकार या भागात आजवर कधीच दिसला नसेल आणि अचानक दोन ठिकाणी उगवला असेल, तर त्या दोन ठिकाणांना जोडणारी वाट नक्की शोधावी. म्हणजे नवा नमुना वाचता येण्याआधी जुन्या नमुन्यांचा साठा हवा. यंत्र विकत घेता येतं. साठा मात्र वर्षानुवर्षं जपावा लागतो.

५. तेरा अक्षरं आणि हाडांचं खत

आवर्तनांची मोजणी लवकर बदलते, म्हणून ती जवळची नाती दाखवायला चांगली. फार जुनी नाती पाहायला तिचा भरवसा धरता येत नाही, कारण चारचे पाच झालेले पुन्हा चार होऊ शकतात आणि दोन अनोळखी शाखा योगायोगानं सारख्या दिसू शकतात. तिथे एकेका अक्षराच्या चुका कामाला येतात. ‘बाळोजी’ एकदा झाला की पुन्हा ‘बाळाजी’ होत नाही. २००४ मध्ये अशा ९९० अक्षरांची २६ नमुन्यांत तपासणी झाली, आणि झाडाच्या मांडणीशी विसंगत निघालं ते एकच अक्षर. चुकांचा इतका स्वच्छ वंशवृक्ष जंतूंमध्ये सहसा मिळत नाही.

मग २००७ मध्ये जगभरातल्या १,०३३ नमुन्यांवर निवडक तेरा अक्षरं तपासून त्यांच्या बारा शाखा-उपशाखा पाडल्या गेल्या. मुख्य फांद्या तीन: ए, बी आणि सी. जगातले सुमारे ९० टक्के नमुने ए फांदीतले. ही फांदी कधीतरी माणसाच्या व्यापारावर स्वार होऊन जगभर पसरली असावी, असा अंदाज आहे.

ए फांदीतली एक उपशाखा ऑस्ट्रेलियातल्या एका नमुन्याच्या नावानं ओळखली जाते. भारतातले काही नमुने याच उपशाखेत बसतात. भारत कुठे, ऑस्ट्रेलिया कुठे. पण ऑस्ट्रेलियात पाळीव जनावरं युरोपियनांनी नेली, आणि तिथला पहिला अँथ्रॅक्सचा उद्रेक १८४७ मध्ये सिडनीजवळ झाला. भारतातून खतासाठी नेलेल्या हाडांच्या चुऱ्यातून तो गेला, असं तिथल्या पशुरोगांच्या इतिहासात मानलं जातं. मेलेल्या जनावराची हाडं गोळा होतात, दळली जातात, पोत्यात भरून जहाजावर चढतात, आणि दुसऱ्या खंडातल्या मळ्यात पसरली जातात. बीजाणूला एवढा प्रवास काहीच नाही. वंशावळ आणि व्यापाराचा इतिहास अशी एकमेकांची साक्ष देतात तेव्हा मला या शास्त्राचं फार मोल वाटतं, कारण दोहोंपैकी एकट्यानं ती गोष्ट पुरी होत नाही.

६. माग काढल्याच्या तीन कहाण्या

टोकियोतला कामेइदो भाग, १९९३ चा उन्हाळा. एका इमारतीतून घाण वास येतो म्हणून शेजाऱ्यांनी तक्रार केली. अधिकाऱ्यांनी बाहेरच्या भिंतीवरचा ओघळ नमुना म्हणून घेतला आणि ठेवून दिला. ती इमारत ओम् शिनरिक्यो या पंथाची होती. याच पंथानं पुढे १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडला. त्यांनी १९९३ मध्ये छतावरून अँथ्रॅक्स फवारला होता, हे नंतर उघड झालं. पण मग कुणालाच अँथ्रॅक्स कसा झाला नाही? ठेवलेल्या नमुन्याची वंशावळ तपासली, तिचा निकाल २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. तो जंतू स्टर्न वाणाचा होता. दक्षिण आफ्रिकेतल्या मॅक्स स्टर्न यांनी १९३० च्या दशकात जनावरांच्या लशीसाठी वेगळा काढलेला हा वाण. त्यात आवरणाची पुरवणी, म्हणजे पीएक्सओ-२, नाहीच. आपल्याकडे जनावरांना पावसाळ्याआधी टोचतात ती फाशीची बीजाणू-लसही अशाच, आवरण नसलेल्या जंतूची असते, आणि पुण्याच्या औंधमधली पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्था ती तयार करते. पंथानं शहरावर लस फवारली होती. आठ वर्षं कुणीतरी तो नमुना फेकला नाही, म्हणून हे कळलं.

दुसरी कहाणी अमेरिकेतली. २००१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथे टपालातून अँथ्रॅक्सची पूड पाठवली गेली. १७ जण आजारी पडून वाचले, ५ जण दगावले. जंतू एम्स वाणाचा निघाला. एम्स हे आयोवा राज्यातलं गाव आहे, पण हा वाण तिथला नाहीच. १९८१ मध्ये टेक्सासमध्ये मेलेल्या एका कालवडीतून तो मिळाला आणि खोक्यावरच्या चिठ्ठीमुळे त्याला भलत्या गावाचं नाव चिकटलं. हा वाण अनेक प्रयोगशाळांकडे होता, तेव्हा नुसतं एम्स म्हणून भागेना. पाकिटातल्या जंतूंच्या काही वसाहती दिसायला किंचित वेगळ्या होत्या. त्या वेगळेपणाची मुळं चार विशिष्ट चुकांत सापडली. प्रयोगशाळांकडून आलेल्या हजाराहून अधिक नमुन्यांत त्या चारही चुका एकत्र असलेले मोजके नमुने मिळाले, आणि ते सगळे लष्कराच्या एका संशोधन संस्थेतल्या एकाच चंबूपर्यंत पोहोचत होते. तरीही २०११ मध्ये तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं स्पष्ट सांगितलं की केवळ या जनुकीय पुराव्यावर उगम ठामपणे ठरवता येत नाही. हे वाक्य मला त्या सगळ्या तपासाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

तिसरी कहाणी छोटी आहे, पण मिरजेसारख्या वाद्यांच्या गावाला जवळची. २००९ मध्ये अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात ढोलवादनाच्या कार्यक्रमाला गेलेल्या एका व्यक्तीला आतड्याचा अँथ्रॅक्स झाला. रुग्णातला जंतू आणि तिथल्या ढोलांवरचा जंतू एकच निघाला. ढोलांना जनावरांची कातडी ताणलेली होती. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भोपळा आणि लाकूड लागतं, पण तबला, पखवाज, हलगीला कातडं लागतंच, आणि ते कुठल्या जनावराचं, कसं मेलेल्या जनावराचं, हा प्रश्न कातडं घेणाऱ्यानं विचारण्यासारखा आहे.

७. उद्या मिरजेत सापडला तर

कानाच्या शिरेतला तो थेंब काचपट्टीवर पसरून वाळवतात आणि पॉलिक्रोम मिथिलीन ब्लू या रंगात बुडवतात. सूक्ष्मदर्शकाखाली टोकं चौकोनी कापल्यासारख्या निळ्या काड्या माळेनं दिसतात, आणि प्रत्येकीभोवती गुलाबी वलय. ते वलय म्हणजे आवरण, पीएक्सओ-२ पुरवणीची करामत. जिल्ह्यातून नमुना पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात जातो, तिथे खात्री होते. गावात जनावर खोल पुरलं जातं, भोवतालच्या जनावरांना लस दिली जाते. लशीच्या आसपास प्रतिजैविक देऊ नये, नाहीतर लशीतला जिवंत जंतूच मरतो.

रोग आवरायला एवढं पुरतं. आला कुठून, याचं उत्तर मात्र एवढ्यात मिळत नाही. त्यासाठी प्रत्येक पक्क्या नमुन्याचा डीएनए काढून त्याची आवर्तनं आणि ठरलेली अक्षरं नोंदवली पाहिजेत, आणि ती नोंद जागेसकट साठली पाहिजे. शक्य असेल तर सगळी वहीच वाचावी, कारण एकाच भागातल्या एकाच उपशाखेच्या जंतूंमध्ये फरक शोधायला तेरा अक्षरं अपुरी पडतात. कोविडमध्ये आपण हजारो नमुने असे वाचले. अँथ्रॅक्सचे नमुने त्या मानानं अगदी थोडे असतात. मात्र जिवंत जंतू वाढवायचं काम खास सुरक्षित प्रयोगशाळेतच व्हायला हवं, गावपातळीवर कुणी त्याच्या वाटेला जाऊ नये.

यात सीमेपलीकडचे नमुनेही हवेत. कर्नाटकात हा रोग आपल्यापेक्षा अधिक वेळा दिसतो आणि अथणी-कागवाड मिरजेपासून हाकेच्या अंतरावर आहेत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं तमिळनाडू आणि आंध्रच्या सीमेवरचे माणसांतले रुग्ण वर्षानुवर्षं नोंदवले, म्हणून त्या टापूबद्दल आज काही बोलता येतं. कृष्णेच्या दोन्ही काठांसाठी तसं काम मिरज-सांगलीतून व्हावं, ही अपेक्षा जास्त नाही. दवाखाने आहेत, महाविद्यालय आहे, रुग्ण इथेच येतात.

जंतूची नोंद झाली की उरते वाटेची. जनावराच्या कानातल्या बारा अंकी पिवळ्या बिल्ल्यावरून त्याची नोंद काढता येते. मेंढरांच्या बाबतीत तेवढ्यावर भागत नाही. पण धनगराचा वाडा दिवाळीनंतर कुठल्या कुठल्या रानात बसला, कुठल्या ओढ्याला मेंढरं पाण्यावर नेली, वाटेत किती मेली आणि त्यांचं काय केलं, हे मेंढक्याला तोंडपाठ असतं. पंचनामा करणाऱ्यानं ते त्याच दिवशी विचारून, गावांची नावं नमुन्याच्या कागदावर लिहून औंधला पाठवावीत.